चव्वेचाळीस कान

सत्यशीला शफीकभाईच्या वावरात पोचली तेव्हा पंचनाम्याची माणसं आलेली नव्हती, पण भारत आलेला होता. मोटारसायकल बांधावरच्या कडुलिंबाखाली, हेल्मेट आरशाला अडकवलेलं, आणि हा फोन कानाला लावून ढेकळांतून येरझाऱ्या घालतोय. कंपनीतनं आजची रजा कशी मिळवली, ते पलीकडच्याला दुसऱ्यांदा सांगणं चाललं होतं. थोरल्या बहिणीकडं बघून त्यानं नुसती मान हलवली.

ती पहाटेच शहरातल्या गारखेड्यातून निघाली होती. मेसच्या मालकिणीला फोन केला, आज भाकरीला येत नाही, घरात मयत झालंय. "कोण गेलं गं?" मालकिणीनं विचारलं, तर हिच्या तोंडून निघून गेलं, "चव्वेचाळीस जणं." मालकिणीनं विचारलं, एसटी उलटली का? मग सगळं फोडून सांगावं लागलं, तोवर रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून बेजार.

मेंढरं लिंबापलीकडं, सुताच्या जाळीच्या कुंपणात, वाघरीत, जिथल्या तिथं पडली होती. आठच दिवसांमागं कातरण झालेली, अंगावर लोकर म्हणून नाही. शफीकभाईचं कांद्याचं वावर मोकळं होतं म्हणून अजिनाथनं कळप तिथं बसवला होता. मेंढरांनी वावराला खत द्यायचं, शफीकभाईनं बोअरचं पाणी आणि मूठभर कडबा द्यायचा, हा दोन पिढ्यांचा रिवाज. काल दिवस मावळायच्या आधी दौलताबादच्या किल्ल्यामागून ढग आला. दोन वर्षं थेंबाला महाग झालेल्या त्या आभाळानं पंधरा मिनिटांत लिंबाएवढ्या गारा ओतल्या. डोक्यात बसल्या ती जागेवर गेली, उरलेली गारठ्यानं गेली.

अजिनाथ वाघरीच्या तोंडाशी उकिडवा बसला होता. धाकटा भाऊ, चौतिशीचा, डोक्याला फडकं बांधलेलं आणि फडक्यावर वाळलेलं रगत. त्याच्यापुढं घोंगडी अंथरलेली आणि घोंगडीवर कानांचे तीन ढीग.

"आक्का, तुही एकोणीस," तो म्हणाला आणि उजवीकडचा ढीग तिच्याकडं सरकवला.

सत्यशीलेनं खाली बसून एक कान उचलला. टोकाशी चिमणीच्या चोचीसारखा बारीक कातरा. तिची खूण. सतरा वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं तेव्हा आण्णांनी, तिच्या बापानं सोनाजीनं, तिला पाच मेंढ्या आंदण दिल्या आणि त्या पाचींचे डावे कान असे कातरले. नवरा पुंडलिक शहरात वॉचमन, तिथं मेंढरं कुठं बांधणार? म्हणून ती माहेरच्या कळपातच राहिली, वाढली, व्याली. आण्णांची खूण म्हणजे टोक सपाट कापलेलं. भारतची म्हणजे बुडाशी भोक. कळप एकच, मालक तीन, आणि कोण कुणाचं हे कान सांगायचे.

मेलेल्याचा कान कापायची रीतही त्या खुणांतूनच आलेली. कळप रानात हिंडतो, मालक गावात असतो. रानात मेंढरू मेलं तर राखणाऱ्यानं खुणेचा कान कापून मालकापुढं ठेवायचा. मेलंय ते, विकलं नाही, कापून खाल्लं नाही, एवढीच त्यातली बात. सोनाजीच्या बापानं हेच केलं होतं, आज्यानंही. कान पुढं ठेवला की मालकानं उलटा सवाल करायचा नाही.

"कोकरं?" तिनं विचारलं.

"समदी हायेत. सव्वीस." अजिनाथनं कांदाचाळीकडं बोट केलं. चाळीतून ओरडा चालूच होता. आया मेल्यात हे त्यांना कोण सांगणार? "ढग दिसला तसा आधी त्यांना आत घातलं. मंग मोठ्यांला आणाया गेलो, तर सुरूच झालं."

"हेच म्हणतो मी!" भारतचा फोन संपला होता. "मोठी मेंढरं सोडली आन् ह्यानं कोकरं वाचवली. आपलं नुसकान कशात, ह्येवढं बी कळू नाय?"

"लेकरं आधी आत घेत्यात," अजिनाथ म्हणाला. त्याला वेगळं काही सुचलं असेल असं त्याच्या तोंडावर दिसलं नाही.

लिंबाखाली आण्णा आणि माय बसली होती. सोनाजीला आता सत्तरी उलटलेली, गुडघ्यांनी दगा दिलेला. त्यांना गाडीवर मधे बसवून भारतनंच आणलं होतं. सुगंधाबाई रडून रडून मोकळी झाली होती आणि आता शफीकभाईच्या घरून शकीलानं पाठवलेला चहा कपात गार करत बसली होती. सत्यशीला पाया पडली तशी माय म्हणाली, "त्याचं ऐक. सकाळपून कागदासाठी पळतोय त्यो."

"कसला कागद?"

भारत तयारच होता. खिशातून घडी काढली, उलगडली, तिच्या हातात दिली. झेरॉक्सच्या दुकानात टाईप केलेला कागद. "नीट समजून घे आक्का. सरकार एका कुटुंबाला जास्तीत जास्त तीस मेंढरांची मदत देतं. रेशनकार्डावर आण्णा, मी, अजिनाथ एक कुटुंब. आपली दोघांची मेली पंचवीस. तुही एकोणीस. तुही वेगळी लिहिली तर साहेब म्हणणार, बाई शहरात राहती, हिची मेंढरं कुठली? तुही समदी बाद. हातात राहिली पंचवीस. पण समदी आण्णांच्या नावावर दावली तर तीस तरी पदरात पडतील. पाच मेंढरांचा फायदा हाय ह्याच्यात."

"आन् महं?"

"तुहं तुला देऊ की. मी काय पळून चाललो का?"

तिनं कागद वाचला. भाकऱ्या थापणारे हात, पण वाचायला ती भावांपेक्षा तेज होती. सदर मेंढ्या माझे वडील यांच्या मालकीच्या असून त्यांवर माझा कोणताही हक्क नाही व पुढेही राहणार नाही.

हीच ओळ तिनं चार वर्षांपूर्वी रजिस्ट्री कचेरीत वाचली होती. गावाशेजारचं शेत प्लॉटिंगवाल्याला द्यायचं ठरलं तेव्हा. तेव्हाही हाच म्हणाला होता, तुहं तुला देऊ. तिनं सही केली, कारण जमीन भावांची हे तिलाही लहानपणापासून ठाऊक होतं. संध्याकाळी हॉटेलात जेवण झालं, एक साडी मिळाली, आणि भारतच्या घरावर स्लॅब पडला. पण मेंढरं? मेंढरं तिची होती. ती कुणी वाटून दिलेली नव्हती, तिच्या पाच मेंढ्यांच्या पोटची होती. औंदा कोकरं मोठी झाली की सात-आठ विकायची आणि घरगुती पिठाची गिरणी घ्यायची, असं तिनं नि पुंडलिकनं ठरवून ठेवलं होतं. मेसच्या चुलीपुढं रोज दीडशे भाकऱ्या थापून तिच्या मनगटांनी केव्हाच हात टेकले होते.

"म्या ह्यावर सही करत नाय," ती म्हणाली.

"घ्या!" भारतनं आण्णांकडं बघितलं. "ऐका. हिच्या हट्टापायी पाच मेंढरं पाण्यात."

"दे की लिहून," माय म्हणाली. "भाऊ हाय तुहा, चोर नाय."

"माय, तू जिमिनीच्या येळंला बी हेच म्हणली होती."

"मंग काय वाईट झालं? आज सणावाराला पक्क्या घरात येतीस नं?"

सत्यशीलेनं कागदाची घडी घालून भारतला परत दिली. आण्णांनी दोघांकडं बघितलं, तंबाखू मळली, आणि "आधी माणसं येऊ द्या," एवढंच म्हणाले. आयुष्यभर कळपाचा निवाडा करणारा बाप, पण भारतच्या घरात राहायला लागल्यापासून त्यांचा आवाज अर्ध्यावर आला होता. हे तिला कळत होतं आणि त्याचा राग येत होता.

शफीकभाई मात्र कप गोळा करता करता बोललाच. "देखो भारतभाऊ, मेरे खेत में मरी हैं, तो पंच म्हणून माझी बी सही लागणार. मी जे पाहिलं तेच सांगीन. बाकी तुमचं घरचं तुम्ही बघा."

"तुमाला कोण खोटं बोला म्हणतंय शफीकभाई?"

"नाय, मी आपलं आधीच सांगून ठेवलं."

जीप अकराच्या सुमाराला आली. तलाठी उतरला, मागून जनावरांची डॉक्टरीण. तिशीच्या आतली, टोपी घातलेली, हातात मोजे चढवतच वाघरीकडं निघालेली. वाघरीत शिरून तिनं पहिल्या मेंढीचं डोकं उचललं, दुसरीचं उचललं, तिसरीचं उचललं आणि सरळ उभी राहिली.

"ह्यांचे कान कुठं आहेत?"

अजिनाथनं घोंगडी दाखवली.

"कापले कुणी?"

"म्या."

"का?"

"मालकाला दावाया."

डॉक्टरीणबाईनं घोंगडीवरून एक कान उचलला. खुणेशेजारी पिवळा प्लास्टिकचा बिल्ला, त्यावर बारा आकडे. सरकारी बिल्ला. दोन वर्षांमागं सगळ्या जनावरांना मारून गेले होते. "अहो, हा बिल्ला मेंढीच्या कानात असायला पाहिजे ना! मेंढी, कान आणि नंबर एका फोटोत दिसला पाहिजे. तोच तर पुरावा. सुटे कान काय, कुणीही पिशवीत घालून आणेल. जिवंत मेंढ्यांचे बिल्ले काढून आणणारे पण बघितलेत मी."

"हे असंच," तलाठी म्हणाला. "स्वतःच्या हातानं पुरावा कापायचा आणि मग शासन देत नाही म्हणून बोंबलायचं. काय लिहू मी ह्यात आता?"

भारतच्या तोंडचं पाणी पळालं. तो अजिनाथवर धावूनच गेला. "आरे येड्या! कुणी सांगितलं हुतं तुला कान कापाया? ते बी बिल्ल्यासकट?"

"कानातच हाय बिल्ला. कान कापला की येतोच."

"एकन् एक गेलं! तीस बी गेलं आन् पंचवीस बी गेलं! ह्याला मी हजारदा सांगितलं, मेल्याबरुबर फोन कर, हात लावू नको." मग त्यानं आवाज उतरवला आणि डॉक्टरीणबाईपुढं हात जोडले. "मॅडम, अडाणी हाय त्यो. रानातच वाढलेला. त्याच्या डोक्यात तेवढं येत नाय. तुमी काहीतरी करा."

अजिनाथ खाली मान घालून उभा होता आणि हाताची बोटं एकमेकांत घालून दाबत होता. लहानपणी मार खाताना असाच उभा राहायचा. सत्यशीला त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, कडेवर घेऊन वाढवलेला तिनं. तिला त्या क्षणी भारतच्या एक ठेवून द्यावी असं वाटलं.

"बाई," ती पुढं झाली. "तुम्ही त्याच्या हातात कान द्या. कोणता बी द्या. कोणत्या मेंढीचा, ते त्यो सांगन."

"चव्वेचाळीस मेंढ्या आहेत, ताई."

"चारशे असल्या तरी सांगन."

डॉक्टरीणबाईनं तिच्याकडं बघितलं, मग घड्याळाकडं. तलाठ्यानं नाक मुरडलं. पण तिनं वाकून मधल्या ढिगातून एक कान उचलला आणि अजिनाथपुढं धरला.

त्यानं तो हातावर घेतला. उलटा केला, मागची लव अंगठ्यानं चाचपली. मग वाघरीत शिरला, कुठंही न थांबता सातवी-आठवी मेंढी गाठली, बसला आणि कान तिच्या डोक्याला लावला. "ही चंपी. डाव्या डोळ्यानं आंधळी."

डॉक्टरीणबाईनं पापणी वर केली. बुबुळ पांढरं. कापाची कड कडेला लावून बघितली, जुळली. फोटो काढला.

"हा?"

"बारकी. मागल्या पोळ्याला पाय मोडला हुता हिचा." पायाला गाठ होती.

"हा?"

हा कान तिनं मुद्दाम भारतच्या ढिगातला उचलून आण्णांच्या ढिगात घोळवून दिला. अजिनाथ चार पावलं गेला आणि मागं फिरला. "बाई, ह्यो ह्या ढिगातला नाय. भोक हाय बुडाला. ह्यो भारतभौचा." डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसली.

मग ते चालूच राहिलं. ऊन डोक्यावर आलं, माश्या घोंगावायला लागल्या, तलाठी जीपमध्ये जाऊन बसला. शफीकभाईनं मुनीबला, आपल्या भाच्याला, पाण्याचा जार आणायला पिटाळलं. अजिनाथ एक एक कान घेऊन जात होता आणि प्रत्येकीचं काही ना काही सांगत होता. ही नवसाची. ही पहिल्या वेताला अडली हुती, मीच सोडवली. ही पाण्याला लई भ्यायची. ही कळप हुकली की रडायची. महिन्याला फोनवर पाच वाक्यं बोलणारा माणूस, पण त्या दुपारी त्यानं जितकं तोंड उघडलं तितकं घरातल्या कुणी आयुष्यात ऐकलं नसेल. एका ठिकाणी मात्र तो अडला. दोन मेंढ्या शेजारी शेजारी, दोन कान, सगळं सारखं.

"जुळ्या हायेत," तो म्हणाला. तो दोघींच्या मधे बसला, एकीचं तोंड उघडलं, दात बघितले, दुसरीचे बघितले, तरी ठरेना. मग एका कानाची कापलेली कड दोघींना लावून बघितली. "ही मोठी. घटकाभरानं मोठी." असं म्हणून त्यानं डोक्याचं फडकं सोडून डोळे पुसले.

"मला पटलं," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाली. "पण सगळेच लावा. मला फोटो पाहिजेत."

चव्वेचाळिसावा कान लागला तेव्हा भारतसुद्धा वाघरीपाशी येऊन उभा राहिला होता.

आता नंबर. डॉक्टरीणबाई लिंबाच्या सावलीला बसून मोबाईलात एक एक बिल्ल्याचा आकडा घालायला लागली आणि पडद्यावर मालकाचं नाव उमटायला लागलं. सोनाजी शिंगाडे. सोनाजी शिंगाडे. मग ती थांबली. "सत्यशीला पुंडलिक वाघमोडे कोण?"

"म्या," सत्यशीला म्हणाली. तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"ह्या तुमच्या नावावर आहेत. गाव इथलंच टाकलंय, मोबाईल तुमचा."

भारत वाकून पडद्यावर बघायला लागला. "आसं कसं? बिल्ले मारले तव्हा आण्णांचंच नाव दिलं हुतं समद्यांला."

"त्यांनी इचारलं, हिचा मालक कोण," अजिनाथ म्हणाला. "म्या सांगितलं. जिचा जो मालक त्येच. तू अन् आण्णा एकाच कार्डावर म्हणून तुही आण्णांच्या नावानं घातली त्यांनी. आक्काला फोन केला हुता, मेसेजात आकडे आलेत ते सांग म्हणून."

सत्यशीलेला ते आठवलं. ऐन भाकऱ्यांच्या घाईत त्याचा फोन आला होता आणि पिठाच्या हातानं तिनं आकडे वाचून दाखवले होते, कशाचे ते न विचारता. तिच्या जिवात जीव आला आणि पाठोपाठ हसूही आलं. रजिस्ट्री कचेरीत तिचं नाव खोडलं गेलं होतं, आणि सरकारच्या दुसऱ्या कुठल्याशा वहीत ह्या पोरानं ते गुपचूप लिहून ठेवलं होतं. गुपचूप तरी कसलं? त्याला कुणी विचारलं, त्यानं सांगितलं.

"ताईंचं कुटुंब वेगळं, त्यांची एकोणीस त्यांच्या नावानं जातील," डॉक्टरीणबाई म्हणाली. "शहरात राहतात म्हणून काय झालं? मेंढी इथं मेली, नोंद इथं आहे. तुमची पंचवीस वेगळी."

"वर काय म्हणतील ते मी सांगू शकत नाही," जीपमधून उतरून आलेला तलाठी म्हणाला. "पण लिहून पाठवतो."

भारतनं हिशोब केला. पंचवीस आणि एकोणीस, म्हणजे चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस. त्याचा चेहरा एकदम सैल झाला. "मंग काय, झालंच की!" असं म्हणून त्यानं तो टाईप केलेला कागद खिशात कोंबला. एक गोष्ट खरी, माणूस मनात धरून ठेवणारा नव्हता. "आक्का, कर सही. चाल, उरक."

डॉक्टरीणबाई शेवटचा कागद भरत होती. अजिनाथकडं बघून सहज म्हणाली, "आणि तुमची ह्यात किती?"

"महं एकबी नाय."

"म्हणजे मेलेल्यांत. कळपात किती?"

"कळपात बी नाय."

"त्यो राखतो," भारत म्हणाला.

"बरं." तिनं कागदावर 'राखणारा' असं लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडं वळली.

सत्यशीलेच्या हातात पेन होतं. आण्णांचा अंगठा उमटला होता, भारतची सही झाली होती, आता तिची राहिली होती. पण तिची नजर 'राखणारा' ह्या शब्दावर अडकली. एकबी नाय. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. खूण मिळते ती लग्नात. भारतचं लग्न झालं, त्याला मिळाली. तिचं झालं, तिला मिळाली. अजिनाथला रानात हिंडतो म्हणून कुणी पोरगी देईना. एक-दोन ठिकाणचे पाव्हणे येऊन गेले, त्यांनी विचारलं, मेंढरं किती तुमची? ह्यानं खरं ते सांगितलं. पाव्हणे चहा पिऊन निघून गेले. हे सगळं तिच्या डोळ्यांपुढं झालेलं. आणि सतरा वर्षं ती दर दिवाळीला येऊन आपल्या मेंढरांची मोजणी करून जात होती, कोकरू कसं मेलं, लोकर किती निघाली, विचारत होती. ह्याला तुझं काय, असं एकदाही विचारलं नव्हतं. सकाळपासून ती भारतवर चिडली होती. आता तिला स्वतःची लाज वाटली, आणि ती चांगलीच झोंबली.

तिनं पेन कागदावर आडवं ठेवलं.

"आता काय झालं?" भारत म्हणाला.

"म्या सही करत नाय."

"आता गं काय नवीन काढलं? तुहं नाव आलं की!"

"नोंदीतल्या दोन्ही मालकांच्या सह्या नसतील तर मला कागद पुढं पाठवता येणार नाही, ताई," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"ठावं हाय बाई. म्हणूनच." ती आण्णांकडं वळली. "आण्णा, ह्याची खूण ठरवा. आज, हितं. मंगच म्या सही करीन."

"त्याचं लगीन झालं की देऊ की," सोनाजी म्हणाला. "रीतच हाय तशी."

"त्याच्या लग्नाची वाट बघता बघता कळप सरला, आण्णा. रातभर ह्यानं एकट्यानं चव्वेचाळीस कान कापले. त्यात एक बी त्याचा नव्हता."

आण्णांनी तोंडातली तंबाखू थुंकली. बोलली ती सुगंधाबाई, आणि सकाळपासून भारतच्या बाजूनं बसलेली माय असं काही बोलेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. "खरं बोलती पोरगी. देऊन टाका. माह्या डोळ्यादेखत देऊन टाका. मी मेल्यावर ह्याला कोण इचारणार हाय?"

"माय, मी काय नको म्हणतोय का?" भारत म्हणाला. "पण द्यायची तर किती, कोणाच्यातली, हे ठरवाया बसावं लागन की."

"ते नंतर," आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज बऱ्याच दिवसांनी पूर्ण निघाला होता. "आधी खूण. अजिनाथ, कातरणी आण. कशी पायजे बोल. मधे काप घेऊ, का कडंला दोन?"

अजिनाथनं कातरणी आणली नाही. तो घोंगडीकडं बघत राहिला. फोटो काढून झाल्यावर कान परत तिथंच ठेवले होते. त्यानं हात मांडीला पुसले.

"कापायचं नाय," तो म्हणाला.

"आरं, मंग खूण कशी?"

"कान अख्खा ठिवायचा. बिल्ला काय त्यो राहू द्या. पण ज्याच्या कानाला कातरा नाय, ते महं."

बाकीच्यांना त्यातलं काही कळलं नाही. भारतला कळलं. "आयला!" तो म्हणाला. "आण्णा, आवो कोकरांला कुठं असतो कातरा? म्हंजी चाळीतली सव्वीसच्या सव्वीस ह्याची? आन् पुढं जन्माला येईल ते पत्येक बी ह्याचंच?"

अजिनाथ गोंधळला. एवढा लांबचा विचार त्यानं केला नव्हता, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तो बापाकडं बघायला लागला.

सोनाजी हसला. दात नसलेलं तोंड उघडून, खांदे हलवत हसला. "व्हय. जन्मलं की ह्याचं."

"आन् आमचं कव्हा?"

"कापलं की तुहं. पर कापाया तू यायचं. हितं, रानात. मेंढरू हातानं धरायचं आन् कापायचं. कुणाला सांगून कापून घ्यायचं नाय. आन् चाळीतल्यांला आज कुणी हात लावायचा नाय, ती दिली."

"माही नऊ हायेत त्यात!" भारत ओरडला. मग त्याला काहीतरी सुचलं आणि तो बहिणीकडं वळला. "आक्का, तुही अकरा हायेत. ऐकतीस नं? तुही बी चालली. बोल की आता!"

सत्यशीलेनं चाळीकडं बघितलं. अकरा. मेलेल्यांची मदत कधी येईल, येईल की नाही, ते वरच्यांनाच ठाऊक. हातात खरी होती ती ही अकरा कोकरं. गिरणी त्यांच्यातूनच यायची होती. पुंडलिकला काय सांगायचं? उद्या पहाटे पुन्हा त्याच चुलीपुढं बसायचं, आणि परवाही. चाळीतून कोकरांचा ओरडा चालू होता आणि सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. अजिनाथ तर असा बघत होता, जणू आता आपल्यालाच बोलणी बसणार.

"राहू दे आक्का," तो पुटपुटला. "कापून टाकू. मी आपलं उगं म्हणलो."

"गप बस," ती म्हणाली. "कोकरं कुणाची ते सांग आधी."

"अकरा तुही, नऊ भारतभौची, सहा आण्णांची."

"ते झालं. आता कुणाची?"

"म्हणू का?"

"म्हण."

त्याचे ओठ हलले, पण डॉक्टरीणबाईला काही ऐकू आलं नाही. "काय म्हणाले ते?"

"मही म्हणला," सत्यशीला म्हणाली आणि तिनं पेन उचललं.